कल्पित सृष्टी आणि अतिप्रश्न

जे विश्व कधी अस्तित्वातच नव्हते, त्याच्याविषयी केलेले एक विधान खरे आणि दुसरे खोटे कसे ठरते, या प्रश्नाची चर्चा आपल्या तर्कग्रंथांत शशशृंग आणि वंध्यापुत्र यांच्या निमित्ताने पुष्कळ झालेली आहे. परंतु त्या प्रश्नाचे जिवंत रूप पाहावयाचे असेल, तर जे. आर. आर. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने निर्माण केलेल्या मिडल-अर्थ नामक सृष्टीचे दोन निस्सीम चाहते एकमेकांची परीक्षा घेत असताना त्यांच्या शेजारी जाऊन बसावे. एक जण विचारतो, की लोरिएनच्या वनातून निघताना गिमलीने गॅलाड्रिएलपाशी काय मागितले आणि त्याला काय मिळाले. दुसरा क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, की मागितला तिच्या मस्तकावरचा एक केस आणि मिळाले तीन. टॉम बॉम्बाडिलच्या बुटांचा रंग कोणता? पिवळा. कोणी हिरवा म्हटले असते, तर ते उत्तर चुकले असते, आणि ते चुकले हे विचारणाऱ्याइतकेच उत्तर देणाऱ्यालाही पटले असते. जेथे चूक संभवते, तेथे सत्यही मानावेच लागते. आणि म्हणून न जन्मलेल्या माणसाच्या न शिवलेल्या बुटांविषयी सत्य आहे, ही विलक्षण गोष्ट आपणास मान्य करावी लागते.

हे सत्य कोणत्या प्रमाणाने सिद्ध होते? प्रत्यक्षाची तर येथे वार्ताच नाही, आणि अनुमानही ग्रंथाच्या आधाराखेरीज पाऊल टाकू शकत नाही. उरते ते शब्दप्रमाण. परंतु नैयायिकांचा आप्त आणि हा ग्रंथकार यांत मोठे अंतर आहे. आप्त तो, ज्याने वस्तू यथार्थ जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. त्याच्या सांगण्यापूर्वीच वस्तू सिद्ध असते. टॉल्किनच्या बाबतीत सांगणे हेच वस्तूचे असणे होय. राजाची सनद इनामाचे वर्णन करीत नाही, तिच्यामुळे इनाम अस्तित्वात येते. तिच्यावरचा शिक्का अस्सल असला म्हणजे ‘हे खरे कशावरून’ असे विचारण्यास जागा उरत नाही. त्या पिवळ्या बुटांचे सत्य हे अशा सनदेचे सत्य आहे.

मात्र सनद देणाऱ्यानेच पुढे दफ्तरात फेरफार केला तर काय करावे? ‘द हॉबिट’ हे पुस्तक 21 सप्टेंबर 1937 रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील डोंगराच्या पोटातल्या अंधाऱ्या सरोवराकाठचा प्रसंग आज लक्षावधी वाचकांस मुखोद्गत आहे: वाट चुकलेला बिल्बो आणि काळोखात एकटाच राहून कृश व क्रूर झालेला गॉलम यांच्यात कोड्यांची पैज लागते, आणि बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार असे ठरते. पहिल्या आवृत्तीत गॉलमने आपल्या बाजूने अंगठीच पणाला लावली होती. ती हरवल्याचे कळताच त्याने काकुळतीने क्षमा मागितली आणि वचनभंगाची भरपाई म्हणून बिल्बोला बाहेरची वाट दाखवून दिली. परंतु पुढील महाग्रंथाच्या रचनेत ती अंगठी साऱ्या अनर्थांचे मूळ ठरली, आणि एकदा तिच्या आसक्तीत सापडलेला गॉलमसारखा जीव ती खुशीने देऊ करील हे असंभवनीय झाले. म्हणून 1951च्या आवृत्तीत ग्रंथकाराने तो सारा मजकूर बदलला. नव्या मजकुरात गॉलमची हमी केवळ वाट दाखवण्याची आहे, आणि तीही तो पाळू इच्छीत नाही.

त्यानंतर टॉल्किनने जे केले ते मला कोणत्याही भाष्यकाराच्या कौशल्याहून मोठे वाटते. जुना पाठ त्याने रद्दबातल ठरवला नाही. 1954 साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात त्याने सांगितले, की जुनी हकीकत ही बिल्बोने स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलेली हकीकत होय, आणि ती खोटी होती, अंगठीवरील आपला हक्क निष्कलंक दिसावा म्हणून त्या सज्जन माणसाने असत्य लिहिले, आणि तिचा त्याच्यावर किती लवकर अंमल बसला याची ती पहिली साक्ष होय. परस्परविरुद्ध वाक्यांची एकवाक्यता करण्यासाठी आपल्या मीमांसकांनी जे परिश्रम घेतले, ते अपौरुषेय वेदासाठी, जेथे विचारण्यास कोणी कर्ताच नव्हता. येथे कर्त्यानेच आपली दुरुस्ती कथेच्या आत ओढून घेतली आणि एका पात्राच्या नीतीचा प्रश्न करून टाकली. तेव्हा पैजेत गॉलमने काय लावले होते, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, दोन्ही ग्रंथाधारित आहेत, आणि जाणत्या चाहत्याने दुसऱ्यास चुकीचा ठरवण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीवरून बोलतो आहे याची खातरजमा करणे हे त्याचे कर्तव्य आहे.

याहून कठीण वाद बालरॉगच्या पंखांचा. मोरियाच्या भुयारात गॅन्डाल्फ अरुंद पुलावर एकटा उभा असताना तो अग्निमय राक्षस समोर येतो. प्रथम म्हटले आहे, की त्याच्या भोवतीची छाया दोन विशाल पंखांसारखी पसरली, आणि थोड्याच ओळींनंतर उपमावाचक शब्द गळून, त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले असे सरळ विधान येते. एक पक्ष म्हणतो, की दुसरे वाक्य पहिल्याचेच अनुसंधान आहे, तेव्हा तेथे लक्षणा घ्यावी; दुसरा म्हणतो, की वाच्यार्थ संभवत असता लक्षणेकडे जाण्याचे कारण नाही. माझा कौल पहिल्या पक्षाला आहे, कारण पूल तुटताच तो राक्षस खाली कोसळतो आणि सावरण्याची खटपट पंखांनी नव्हे तर चाबकाने करतो. पण हा वाद ज्या कारणाने मिटत नाही, ते कारण वादाहून महत्त्वाचे आहे. नामशेष झालेल्या एखाद्या प्राण्यास पंख होते की नव्हते, हे कोणालाही ठाऊक नसले तरी त्याला ते एक तर होते किंवा नव्हते. वस्तुस्थिती आपल्या अज्ञानाच्या पलीकडे निश्चित उभी असते. बालरॉगच्या मागे अशी कोणतीही वस्तुस्थिती उभी नाही. शब्द जेथे संपतात तेथे तो राक्षसही संपतो. वास्तव सृष्टी अज्ञात असते. कल्पित सृष्टी अपूर्ण असते, आणि हा भेद ज्याला कळला नाही, त्याने कितीही तपशील पाठ केले असले तरी त्या सृष्टीचे स्वरूप त्याला उमगले आहे असे मी म्हणणार नाही.

ज्ञानाची पैज हा मनुष्याचा फार जुना छंद आहे, आणि तिच्यात प्राण पणाला लावण्याचीही वहिवाट जुनीच. तेराव्या शतकातील आइसलँडिक हस्तलिखितात जतन झालेल्या एका प्राचीन काव्यात ओडिन हा देव वेषांतर करून वाफ्थ्रुडनिर या ज्ञानी राक्षसाच्या घरी जातो, विश्वाच्या आदीविषयी आणि अंताविषयी दोघे एकमेकांस विचारतात, पराभूताचे मस्तक जावयाचे असते, आणि शेवटी ओडिन असे काही विचारतो, की जे त्याच्याखेरीज कोणासच ठाऊक असणे शक्य नाही. हे वाङ्मय टॉल्किनच्या अध्ययन-अध्यापनाचाच विषय होते, आणि कोडी संपल्यावर बिल्बो आपल्या खिशात काय आहे हे गॉलमला विचारून बसतो, तेव्हा ओडिनची ती अखेरची खेळी आठवल्यावाचून राहत नाही. तो प्रश्न कोडे नव्हे. त्याचे उत्तर बुद्धीने काढता येत नाही. न्यायाने जिंकल्याचे समाधान बिल्बोला त्यामुळे लाभत नाही, आणि ग्रंथकारही ते त्याला देत नाही. बृहदारण्यकात जनकाच्या यज्ञात हजार गायी, प्रत्येकीच्या शिंगांना दहा-दहा पाद सुवर्ण बांधलेले, अशा इनामासाठी याज्ञवल्क्याची जी उलटतपासणी होते, तिच्यात गार्गी एकामागून एक लोकांचा आधार विचारीत ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते, आणि तेथे याज्ञवल्क्य तिला पुढे न विचारण्याची ताकीद देतो. ती थांबते, पुढे पुन्हा उठून अधिक खोल प्रश्न विचारते आणि समाधान होताच सभेसमोर त्याचे श्रेष्ठत्व निःसंकोच जाहीर करते. शाकल्यास मात्र थांबणे साधत नाही, आणि त्याचे मस्तक गळून पडते.

चाहत्यांच्या पैजेत मस्तक जात नाही, परंतु काही जातच नाही असेही नाही. नुकतेच ते पुस्तक वाचून भारावलेल्या एखाद्या मुलीस, ती खरीच चाहती आहे की नाही हे पाहण्यासाठी, जेव्हा वंशावळीतले सातव्या पिढीचे नाव विचारले जाते, तेव्हा पणाला लागलेला असतो तो तिचा त्या सृष्टीशी जडलेला संबंध, जो विचारणाऱ्याने दिलेला नाही आणि काढून घेण्याचाही त्याला अधिकार नाही. हा अन्याय मला अत्यंत निंद्य वाटतो. प्रेम हे स्मरणशक्तीने मोजावयाचे नसते. ती मुलगी ज्या वाक्यापाशी रडली असेल, ते वाक्य परीक्षकाला कदाचित पृष्ठक्रमांकासह पाठ असेल आणि तरीही त्याचा त्याला स्पर्श झाला नसेल. पण दोघे समान प्रेमी बरोबरीने बसून विचारू लागतात, तेव्हा त्याच प्रश्नांना पारायणाचे पावित्र्य येते; एकाला विसरलेले दुसरा आठवून देतो, आणि उत्तर चुकले तर दोघेही पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचतात.

टॉल्किन स्वतः निष्ठावंत कॅथलिक होता. 1939च्या मार्चमध्ये सेंट अँड्र्यूज येथे अद्भुतकथांवर दिलेल्या व्याख्यानातून पुढे जो निबंध सिद्ध झाला, त्यात त्याची भूमिका अशी आहे, की मनुष्य कल्पित सृष्टी रचतो, कारण तो स्वतः एका स्रष्ट्याच्या प्रतिमेनुसार घडलेला आहे. ही दुय्यम सृष्टी उत्तम साधली, तर वाचक तिच्यात असेपर्यंत तिच्यावर खराखुरा विश्वास ठेवतो. त्या विश्वासाची खोली पाहावयाची असेल, तर ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट स्मशानभूमीतील त्याची समाधिशिला पाहावी. पत्नी एडिथच्या नावाखाली लूथिएन आणि त्याच्या नावाखाली बेरेन अशी त्याच्याच कथेतील प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत. कल्पित नावे ज्या दगडावर कोरली, तो दगड आणि त्याखालची माती दोन्ही वास्तव आहेत.

अशा श्रद्धावानाला आपल्या सृष्टीतील काही प्रश्न अनुत्तरित ठेवणे जड गेले नाही. बॉम्बाडिल मुळात कोण, हे गूढ आपण जाणूनबुजून ठेवले आहे, असे त्याने 1954 साली एका पत्रात स्पष्ट लिहिले. तेव्हा ते ‘शोधून काढल्याचा’ दावा करणारा चाहता कर्त्याहून अधिक जाणण्याचा दावा करतो. परंतु एक प्रश्न असा होता, की जो त्याने ठेवला नव्हता, जो त्यालाच सोडीना. ऑर्क कोणापासून उत्पन्न झाले? दुष्टशक्तीला निर्माण करता येत नाही, केवळ विकृत करता येते, हा त्याच्या धर्माचा सिद्धान्त. मग हे बोलणारे, विचार करणारे, क्रूर जीव पूर्वी काय होते, आणि त्यांना आत्मा असेल तर त्यांच्यातील एकालाही उद्धाराची आशा नाही असे मानण्याचा अधिकार कर्त्याला तरी आहे काय? 1973 साली तो वारला तेव्हा या विषयावरची त्याची टिपणे परस्परांशी जुळत नव्हती. पुत्र क्रिस्टोफरने 1977 साली ‘द सिल्मरिलियन’ संपादित करून प्रसिद्ध केले, त्यात पकडून छळलेल्या एल्फांपासून ते झाले असे मत आले; पुढे 1993 साली त्यानेच पित्याचे उत्तरकालीन कागद छापले, आणि त्यांत मनुष्यांपासून, पशूंपासून अशी निरनिराळी उत्तरे मांडून पाहिलेली, खोडलेली, पुन्हा मांडलेली सर्वांस दिसली. ऑर्कांच्या उत्पत्तीचा प्रश्न पैजेत हमखास येतो आणि विचारणारा बहुधा ‘एल्फ’ या उत्तराची वाट पाहत असतो. माझ्या मते, जो त्या उत्तरासोबत 1993च्या कागदांचाही दाखला देईल आणि सांगेल, की हा निकाल कर्त्याने अखेरपर्यंत दिला नाही, कारण तो देताना त्याची सदसद्विवेकबुद्धी अडत होती, त्याला पूर्ण गुण द्यावेत.