उंबरठ्याच्या आत

दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याला मूल कसे वाढवावे हे सांगण्याचा अधिकार कुणाला असतो? शाळेआधीची वर्षे मोलाची असतात, गरीब घरातल्या आईबापांना आधार लागतो, हे सारे मान्य करूनही हा प्रश्न मला सोडत नाही.

आकडे माझ्या बाजूचे नाहीत. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1986 च्या सुमारास वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात. टाकाऊ वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवत. दोन वर्षे हे चालले. सुमारे वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा ही मुले जवळपास 25 टक्के अधिक कमावत होती. हे नाकारणारी मी कोण?

तरीही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कामासाठी मी वस्तीत घरोघरी जात असे. एका दहा-बाय-दहाच्या खोलीत मी वही उघडली. रकाना होता : आई मुलाशी बोलते का? ती बाई तासभर गप्प, मुलगी पदराआड. मी ‘नाही’वर खूण केली. परतताना नळावर तीच बाई दिसली. मुलीला कडेवर घेऊन अखंड बोलत होती, हंडे मोजत होती, भांडखोर शेजारणीची नक्कल करत होती आणि मुलगी खदखदून हसत होती. घरात ती गप्प होती ती माझ्यामुळे.

माझा मुलगा तेव्हा मोबाइल समोर धरल्याशिवाय जेवत नसे. माझ्या दारात वही घेऊन कधी कुणी आले नाही.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ सोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणात आलेला माणूस घरच्या बाईने ‘या’ म्हटल्यावरच आत जातो. दहा-बाय-दहाच्या खोलीला अंगणच नसते, ही गोष्ट वेगळी. की तीच खरी गोष्ट?

पुढच्या आठवड्यात मी वही पिशवीतच ठेवली. तिने चहा टाकला.

“ताई, आज लिहीत नाही? मागल्या वेळेला काय लिवलं माझं?”

मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ उकळत्या चहाकडे पाहत राहिली.

“मग खोडा की,” ती म्हणाली.

तो कागद केव्हाच कार्यालयात जमा झाला होता.