पिनेची खाच

टेबलावर जागा करा. गाडी उलटी ठेवा, चाकं वर. ही क्रॉलर आहे, खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, रिमोटवर चालणारी, दगडांवरून माणसाच्या चालीपेक्षाही हळू चढणारी. तिला घाई नाही, तुम्हालाही नको. मागचं एक चाक दोन बोटांत धरा आणि पुढे-मागे हलवा. किंचित ढिलं लागतंय. नेमकं कुठे, ते बोटांनाच शोधू द्या.

नट सोडवा, चाक उतरवा. आत १२ मिलिमीटरचा षटकोनी ठोकळा दिसेल, प्लॅस्टिकचा. सगळे त्याला हेक्स म्हणतात. त्याच्या पाठीत खाच आहे आणि खाचेत २ मिलिमीटर जाडीची पोलादी पिन आडवी बसली आहे. ॲक्सल पिनेला फिरवतो, पिन हेक्सला, हेक्स चाकाला. खाचेच्या कडेवरून नख फिरवा. कड खचली आहे.

इथे जरा थांबू. गाडी अडीच किलोची. कातळ चढताना एखाद्या क्षणी निम्मा भार एकट्या चाकाने ओढला, असं धरा. टायरची त्रिज्या ५५ मिलिमीटर. पिन मात्र मध्यापासून जेमतेम पावणेचार मिलिमीटरवर हेक्सला रेटते. जवळजवळ पंधरापट फरक. म्हणजे सव्वा किलोची ओढ पिनेच्या दोन टोकांपाशी येईपर्यंत अठरा किलोंची होते. अठरा किलो तांदूळ डोळ्यांपुढे आणा आणि मग ती काडीएवढी पिन बघा. प्लॅस्टिक इतके दिवस टिकलं, याचंच मला कौतुक वाटतं.

धातूचा हेक्स विकत मिळतो. तरी मी तो घरी करतो, आणि तुम्हीही एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. क्रॉलर दुकानात तयार मिळू लागण्याआधी लोक टामिया कंपनीच्या १९८७ सालच्या क्लॉड बस्टर या रिमोटवरच्या गाडीचे ॲक्सल काढून त्यांच्यावर घरी कापलेल्या पट्ट्यांचे सांगाडे उभे करत. हा छंद आला आहेच मुळी घरच्या कानशीतून.

पितळेची १२ मिलिमीटरची षटकोनी सळई हार्डवेअरच्या बाजारात वजनावर मिळते. बोटभर तुकड्यात चार हेक्स निघतात. ८ मिलिमीटरचा एक तुकडा कापा, कापलेली बाजू कानशीवर सपाट करा. हाताला पितळेचा वास येईल. येऊ द्या.

आता मध्य शोधायचा. षटकोनाचे कोपरे सहा. समोरासमोरचे दोन पट्टी लावून सुईने जोडा. मग पुढचे दोन, मग उरलेले दोन. तीन रेघा एका बिंदूत भेटतात. भेटल्या नाहीत, त्यांच्यामध्ये इवलासा त्रिकोण उरला, तर पट्टी सरकली आहे. कानशीने पुसून परत आखा. माझ्या पहिल्या हेक्सला मी त्या त्रिकोणासकट भोक पाडलं होतं. चाक लंगडत फिरायचं. एवढ्या संथ गाडीला ते चालूनही गेलं असतं, पण एकदा दिसल्यावर माझी नजर दुसरीकडे जाईना.

बिंदूवर पंच ठेवा, एकच हलका ठोका. आधी २ मिलिमीटरचं ड्रिल, मग ३, मग ४, शेवटी ५. पितळ ड्रिलला अचानक आत ओढून घेतं, म्हणून तुकडा व्हाइसमध्ये घट्ट हवा आणि हाताचा दाब कमी. भुगा पिवळा, बारीक, सुईसारखा पडतो. फुंकर मारू नका, डोळ्यांत जातो, ब्रशने झाडा.

खाचेसाठी नवी आखणी नको. त्या तीन रेघांपैकी एकीची दोन टोकं भोकाच्या दोन्ही बाजूंना अजून शिल्लक आहेत. एक्साच्या फ्रेममध्ये दोन पाती शेजारी शेजारी लावली की खाच पिनेच्या जाडीहून जराशी कमी पडते. ती उणीव बारीक कानशीने भरून काढायची. दोनदा घासा, पिन ठेवून बघा. पुन्हा दोनदा. पिन बोटाच्या दाबाने आत जावी आणि उलटं केल्यावर पडू नये.

झालेला हेक्स तळहातावर ठेवा. साधारण सात ग्रॅम. चार मिळून अठ्ठावीस. एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. पण हा भार ॲक्सलच्या उंचीवर बसतो, आणि क्रॉलरला जमिनीलगतचाच भार मानवतो. वर टपावर तेवढंच वजन ठेवलं तर तिरक्या दगडावर ती लवकर कलंडते. हेक्स एक मिलिमीटर जास्त जाड ठेवला की दोन्ही बाजू मिळून चाकांमधलं अंतर दोन मिलिमीटरने वाढतं, तोही फायदा. ॲक्सलच्या नळीभोवती तांब्याची तार गुंडाळून आणखी भार देता येतो, ते नंतर कधी.

चाक चढवा, नट आवळा. गाडी दगडावर ठेवा, एक चाक खाचेत, एक हवेत. थ्रॉटल नावापुरता दाबा. चाक पाव फेरा फिरतं, टायरचा उंचवटा दगडाच्या कडेला बिलगतो, गाडी वर येते. कान द्या. चाक ढिलं असताना यायचा तो टक् आवाज अजून येतोय का?

अर्ध्या तासाने घरी आणून हेक्स पुन्हा काढा, खिडकीपाशी न्या. पिन जिथे रेटली तिथे पितळ चकचकीत झालेलं असतं. भोकाच्या दोन्ही बाजूंना चकाकी असेल तर भार वाटला गेला. एकाच बाजूला असेल, तर तेवढा भाग उंच राहिला आहे. कानस घ्या, चकाकीवर एकदाच फिरवा, आणि पिन ठेवून बघा.