कर्मसिद्धांत आणि करुणा

हिंदू धर्माच्या मूळ श्रद्धा कोणत्या, असे विचारले असता बहुतेकांच्या मुखी प्रथम ईश्वराचे नाव येते. शास्त्रदृष्ट्या हे उत्तर अपुरे आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांत जगत्कर्ता ईश्वर मानलेला नाही. पूर्वमीमांसेलाही त्याची गरज भासली नाही. तरीही ही दोन्ही दर्शने आस्तिकच गणली जातात, कारण वेदांचे प्रामाण्य त्यांना मान्य आहे. ईश्वराविषयी इतका मतभेद असूनही सहाही दर्शनांना एक गोष्ट मान्य आहे. केलेले कर्म फळ दिल्यावाचून राहत नाही आणि ते फळ एका देहापुरते मर्यादित नसते. (ज्ञानाने कर्मक्षय होतो, हा विषय निराळा.)

मराठीत मात्र या शब्दाची दशा चमत्कारिक झाली आहे. संकट येताच आपण कपाळाला हात लावून 'कर्म माझे!' म्हणतो, अभाग्याचे 'कर्म फुटले' असेही म्हणतो. 'कृ' धातूपासून झालेला, कर्त्याच्या कृतीचा वाचक असा हा शब्द येथे कपाळावरची रेघ होऊन बसला आहे. भाषांतर करताना मला या एका शब्दाने जितके अडवले, तितके ब्रह्म आणि माया यांनीही अडवले नाही.

हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न असता तर तो कोशकारांवर सोपवता आला असता. परंतु दारी आलेल्या दुःखिताला पाहून 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' असे म्हणत दार लावून घेणारा मनुष्य स्वतःला धर्मनिष्ठ समजतो, तेव्हा प्रश्न गंभीर होतो. पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवलेल्या माणसांनाही हेच उत्तर ऐकवले गेले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्यामागे अशा उत्तरांचा वाटा थोडा नव्हता.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा सिद्धांत कोणत्या प्रसंगी येतो, ते पाहावे. जगात कोणी सुखी, कोणी दुःखी. तर मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, अशी तेथे शंका आहे. वैषम्य आणि नैर्घृण्य हे ते दोन दोष. ईश्वर प्राण्यांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, म्हणून ते त्याला लागत नाहीत, असे बादरायणांचे उत्तर आहे. म्हणजे येथे निर्दोष ठरतो तो ईश्वर. दार लावून घेणारा शेजारी नव्हे. ज्या युक्तिवादाने ईश्वरावरील निर्दयतेचा आरोप दूर झाला, तोच पुढे करून आपण निर्दय व्हावे, असे त्या अधिकरणात कोठेही नाही.

'पण त्याचे प्रारब्ध आपण कसे बदलणार?' असे कोणी विचारील. प्रारब्ध कळते ते फळ आल्यावरच. रोग्याच्या प्रारब्धात केवळ रोग आहे, वैद्य नाही, हे औषध देण्यापूर्वी कोणाला ठाऊक असते? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करणे आणि नानाविध चेष्टा यांच्यानंतर दैव पाचवे येते. भगवंतांनी ते नाकारलेले नाही. पण एकट्यावर सारा भारही टाकलेला नाही. शिवाय रोगी भोगतो ते त्याचे प्रारब्ध असले, तरी त्याच्या उशाशी बसणे अथवा उठून जाणे हे माझे क्रियमाण कर्म आहे, आणि ते माझ्याच खाती जमा होते.