खुर्ची आणि खालची दिशा



आपला मुलगा साहेब झाला, मुलगी मुख्याध्यापिका झाली की वस्तीला आनंद होतो. व्हावाच. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे हुकूम झेलले, त्यांच्या हाती आज चार माणसांचे काम सोपविले जाते. पण हुकूम देणारा कसा असावा, हे आपणांस कोणी शिकविले? आपण पाहिला तो पाटील, सावकार आणि मुकादम. खुर्ची मिळताच तोच मुकादम आपल्या तोंडून बोलू लागतो.

मी हे स्वतःवरून सांगतो. शाळेचा कारभार माझ्याकडे आला त्याच महिन्यात शिपाईमामा दोन दिवस उशिरा आले. मी सर्वांदेखत त्यांना अरे-तुरे केले. वयाने ते माझ्या वडिलांएवढे. काही न बोलता ते घंटा द्यायला गेले. संध्याकाळी कळले, घरी नातू तापाने फणफणला होता. त्या रात्री पंचशील म्हणताना माझी जीभ अडखळली.

राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना हात जोडीत असे. भगवान बुद्धांनी त्याला सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे माणसे. आईबाप पूर्व, गुरू दक्षिण, पत्नी पश्चिम, मित्र उत्तर, श्रमण वरची दिशा. आणि खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारी माणसे. त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे, वेळच्या वेळी सुटी द्यावी. राबणाऱ्यांची कर्तव्येही भगवंतांनी सांगितली. पण मालकाची आधी सांगितली, हे ध्यानात घ्या.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे मर्म उघड केले. वरच्याची लाथ खाणाऱ्यालाही लाथ मारायला कोणीतरी खाली सापडतो, म्हणून ती उतरंड टिकते. स्वतः बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या अधिकाराचा उपयोग त्यांनी कशासाठी केला? कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले.

याचा अर्थ काम ढिले सोडावे असा नव्हे. काम चोखच घ्यावे. परंतु बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कारण विचारावे, तेही एकांतात. चूक आपली असेल तर चारचौघांत कबूल करावी. रोज निजताना स्वतःला विचारावे: आज माझ्यामुळे कोणाची मान खाली गेली? सम्यक् वाचा आणि सम्यक् व्यायाम ते हेच. दुसऱ्यांवर अधिकार चालविण्याआधी स्वतःच्या क्रोधावर तो चालला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी शिपाईमामांची क्षमा मागितली, सर्वांदेखतच. ते म्हणाले, "गुरुजी, राहू द्या." माझा अधिकार त्याने कमी झाला नाही.

आपण धम्म घेतला तो उतरंडीतली वरची जागा मिळविण्यासाठी नव्हे, उतरंडच मोडण्यासाठी. आपल्या हाताखालचा माणूस ताठ मानेने घरी जातो काय, एवढे पाहा. आपला धम्म तिथे दिसेल.

नमो बुद्धाय! जयभीम!