खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, जू ओढून घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद-तुपानं शेकायचा, ही आपल्याकडची रीत. घाटंजी तालुक्यातल्या त्या घरात हे काम बापानं आजवर कुणाला करू दिलं नव्हतं. यंदा ते पोरगा करत होता. बाप बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

गृहभेटीला आलेल्या आशाताईनं विचारलं, "भाऊ काऊन झोपले?"

"आळस भरला त्याईले," वहिनी म्हणाली. "पंधरा दिवस झाले. धड जेवत नाही, रातभर डोळा लागत नाही."

ताई बाजेजवळ बसली. मन सारखं उदास राहते काय? पहिले आवडे त्यात आता मन लागत नाही काय? त्यानं मान हलवली. मग तिनं हळूच विचारलं, "भाऊ, मरून जावं वाटते काय?" वहिनी दचकली. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. पंधरा दिवस मुका असलेला माणूस रडला आणि बोलला.

"उद्या यवतमाळले डॉक्टरले दाखवू," ताई म्हणाली.

"यवतमाळले? येड्याच्या डॉक्टरकडे?" घरची म्हातारी कडाडली. "लोक काय म्हणतीन?"

"माय, बैलानं वैरण सोडली त भाऊ दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणते. तवा लोक काय म्हणते?"

त्या रात्री फवारणीचं औषध चुलत्याकडे कुलपात गेलं, धाकटा भाऊ त्याच्यासोबत झोपला. सकाळी सगळे यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी बजावलं : फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं तरी गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत. तरी दहाव्या दिवशी त्यानं पाकीट उशाखाली दडवलं. वहिनी गोळ्या मोजत होती, म्हणून कळलं.

पाचव्या आठवड्यात तो पहाटेपर्यंत झोपला. त्याच्या डोक्यावरचं कर्ज गोळीनं एक रुपयानं कमी झालं नाही, होतही नाही. कर्जाचा प्रश्न सरकारनं आणि बँकेनंच सोडवायचा आहे. पण पेटीत पडलेली बँकेची नोटीस त्यानं फोडली आणि धाकट्याला घेऊन शाखेत गेला.

कापूस वेचणीच्या सुरुवातीला, सीतादहीच्या दिवशी धुऱ्यावर दहीभात ठेवून पहिली बोंडं त्यानंच वेचली. घरी येऊन म्हणाला, "माही गोळी दे."

तुमच्या घरी कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर आजच जवळ बसा, विचारा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत लागतो, मराठीत बोलता येतं.