सस्पेन्स अकाउंट

नॉर्वे या देशाशी माझा पहिला संबंध आला तो कॉडलिव्हर ऑइलच्या चमच्यातून. आई नाक दाबून पाजायची आणि मी मनातल्या मनात त्या देशाचा उद्धार करायचो. पुढे भूगोलात कळलं की हा मध्यरात्रीच्या सूर्याचा देश. म्हणजे रात्री बारालाही ऊन! असल्या देशात भर दुपारी बारालाही ऊन न दिसणारं गाव असेल, हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला भूगोलात नापासच केलं असतं.

पण आहे. टेलेमार्क प्रांतात टिन नावाची नगरपालिका आहे. (रॉकेलच्या टिनशी संबंध नाही.) पसारा दोन हजार चौरस किलोमीटरचा आणि माणसं जेमतेम साडेपाच-सहा हजार. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी याहून जास्त असावीत असा माझा अंदाज आहे. त्या टिनचं मुख्य गाव र्‍युकान. ते इतक्या खोल दरीत बसलंय की सप्टेंबरअखेर गेलेला सूर्य एकदम मार्चातच तोंड दाखवतो. तिथल्या धबधब्याच्या पाण्यावर वीज करून नॉर्स्क हायड्रो कंपनीने खताचे कारखाने काढले. १९११ साली सुरू झालेलं तिथलं वेमोर्कचं वीजकेंद्र त्या वेळी जगात सर्वांत मोठं होतं. १९१३ साली तिथल्या एका हिशेबनिसाने सुचवलं की डोंगरावर आरसे लावून ऊन खाली गावात पाडावं. कारकुनाच्या सूचनेचं जगभर जे होतं तेच झालं. कंपनीने १९२८ साली माणसांनाच उन्हात नेऊन आणायला एक रोपवे बांधून दिला, आणि आरसे लागले २०१३ साली. शंभर वर्षं! आमच्या सूचनापेटीपेक्षा वेग बराच म्हणायचा.

हे सगळं मी शोधून वाचलं ते एका सिनेमामुळे. तापाने घरी पडलो होतो आणि टीव्हीवर ‘हीरोज ऑफ टेलेमार्क’ लागला होता. १९६५ सालचा, कर्क डग्लसचा. वेमोर्कला १९३४ पासून जड पाणी नावाचा एक पदार्थ तयार होई. अणुबाँबच्या संशोधनात त्याचा उपयोग होता. १९४० साली जर्मनांनी नॉर्वे घेतला आणि हे पाणीही घेतलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये नऊ नॉर्वेजियन तरुण मध्यरात्री दरी उतरून, पलीकडचा कडा चढून कारखान्यात शिरले आणि एकही गोळी न झाडता यंत्रं उडवून परत गेले. ऐकतानाच छाती फुगते. पण जर्मनांनी यंत्रं पुन्हा लावली. नोव्हेंबरात अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, त्यात गावातलीच माणसं मेली. शेवटी जर्मनांनी ठरवलं की उरलेला साठा पिंपांत भरून जर्मनीला न्यायचा. वाटेत टिन्शो नावाचं चारशे मीटरहून खोल तळं. रेल्वेचे डबे त्यावरून फेरीबोटीने जात, आणि त्याच बोटीने गावातले उतारूही.

बोट बुडवायचं ठरलं. लंडनला विचारून झालं होतं. तिकडून उत्तर आलं, काम अतिशय महत्त्वाचं आहे, करा. म्हणून रविवारची सकाळ निवडली, कारण त्या फेरीला गर्दी कमी. क्नूट हाउकेलिड नावाचा माणूस आदल्या रात्री दोघा साथीदारांबरोबर बोटीत शिरला. पहारेकऱ्याने हटकलं. आम्ही गेस्टापोपासून पळतोय, असं सांगितल्यावर त्या भल्या माणसाने त्यांना खाली लपायला जाऊ दिलं. गजराच्या घड्याळांवर स्फोटकं लावून झाली. जाताना हाउकेलिडने त्या पहारेकऱ्याचा हात हातात घेतला, आभार मानले आणि गेला. दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. २० फेब्रुवारी १९४४ ला, बोट खोल पाण्यावर आल्यावर स्फोट झाला. काठावरच्या शेतकऱ्यांनी होड्या घालून बऱ्याच जणांना वाचवलं. मेले अठरा. चार जर्मन आणि चौदा नॉर्वेजियन.

सिनेमात कर्क डग्लस स्वतः बोटीवर चढतो आणि पोरांना वाचवतो. हॉलिवूडची बॅलन्सशीट नेहमीच टॅली होते.

पण माझं डोकं धरून बसलाय तो वेगळाच तपशील. कटात सामील असलेल्यांपैकी एकाची आई त्याच बोटीने जाणार होती. जाऊ नकोस म्हणावं तर ‘का?’ म्हणणार. आयांचा हा प्रश्न गेस्टापोलाही जमणार नाही असा असतो. तेव्हा म्हणे त्याने आदल्या दिवशी तिच्या जेवणात जुलाबाचं औषध घातलं. आई घरी राहिली. हे वाचून मी मोठ्याने हसलो. सौ. म्हणाली, “ताप चढला का परत?” आणि मग माझ्या लक्षात आलं की उरलेल्या उतारूंनाही कोणी ना कोणी मुलगा असेलच, फक्त त्याला काही ठाऊक नव्हतं.

हे मला इतकं का लागावं? तर आमच्या भागात एक पतपेढी होती. व्याज आमच्या बँकेपेक्षा दीड टक्का जास्त. तिचं करंट खातं आमच्या शाखेत, आणि ते लेजर माझ्याकडे. एका पावसाळ्यात शिल्लक उतरायला लागली. मग चेक परत जायला लागले. बी.कॉम.ला काय शिकलो ते विसरलोय, पण बुडणारी बोट ओळखता येते. ग्राहकाची माहिती बाहेर सांगणार नाही असं मी नोकरीला लागताना लिहून दिलंय. शिवाय बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दारात झुंबड, आणि बुडणारी दोन महिन्यांनी बुडायची ती त्याच दुपारी. हे सगळं खरं आहे. मी स्वतःला रोज सांगत असे.

आणि एका संध्याकाळी आईला म्हणालो, “आई, आमच्या बँकेत ठेवींचं टार्गेट आलंय. तुझी ती पतपेढीतली ठेव इकडे टाक ना.” ती मुदतीआधी मोडल्याबद्दल कुरकुरली, पण मुलाची नोकरी म्हणून काढली. ते माझं जुलाबाचं औषध.

पतपेढीचं शटर महिन्याभरात खाली आलं. पतपेढीच्या ठेवीला बँकेसारखा विमा नसतो. आमच्या तळमजल्यावरचे काका एसटीतून रिटायर झालेले, ग्रॅच्युइटी सगळी तिथेच. मी रोज त्यांच्या दारावरून ऑफिसला जात होतो, “काय काका, बरंय ना?” म्हणत.

त्या हाउकेलिडच्या बाजूला युद्ध होतं, हिटलर होता. पुढे कळलं की जर्मन बाँबच्या फारसे जवळ पोचलेच नव्हते. पण ते त्याला त्या रात्री कसं कळावं? माझ्या बाजूला एक सही केलेला फॉर्म होता. बँकेत जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. ऑडिटर दरवर्षी विचारतो, ही एन्ट्री अजून पडूनच? पण आईला वाचवायला नको होतं का? तिलाही बसू द्यायचं त्या बोटीत, म्हणजे हिशेब बरोबर? मला नाही तसं वाटत. आणि काकांच्या दारावरून जाताना, बरोबरच होतं माझं, असंही नाही वाटत.

मागच्या रविवारी काका वर आले. लिक्विडेटरकडे द्यायचा क्लेमचा फॉर्म होता. “तू बँकेतला, तूच भर बाबा,” म्हणाले. मी पावती क्रमांक लिहीत होतो. आई चहा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर कप ठेवत म्हणाली, “आमची वाचली हो थोडक्यात! याच्या बँकेचं काहीतरी टार्गेट आलं होतं म्हणून.”

काका म्हणाले, “नशीब असतं एकेकाचं.”

आणि माझ्या पेनाकडे बोट दाखवून म्हणाले, “रक्कम अक्षरातही लिही हं.”