हिशेबनीस आणि सल्लागार

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ऑक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांसह बेसबॉलचा एक बैठा खेळ मांडला. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला काल्पनिक संघ निवडायचा आणि ते खेळाडू मैदानावर जे करतील त्यावरून आपले गुण मोजायचे. हा हिशेब आरंभी हाताने चाले. पुढे संगणकाने ही दगदग हलकी केली, ती सर्वांचीच केली. त्या आज्ञावलीमुळे कोणाचा संघ वर गेला नाही, कोणाचा खाली आला नाही. असे साधन घडविणाऱ्याला नीतीने जाब विचारावा असे त्यात काहीच नव्हते.

परंतु हाच खेळ पुढे रोजचा झाला, प्रवेशशुल्काचा झाला, आणि साधनाची जात पालटली. संघाच्या खर्चाला मर्यादा, खेळाडूंच्या किमती ठरलेल्या. त्या मर्यादेत अधिकात अधिक गुणांचा संघ बसवायचा. हे गणित मुळात व्यवहारातलेच आहे. अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनासाठी जॉर्ज डांट्झिगने १९४७ मध्ये त्याच्या उकलीची रीत शोधली. आता तशीच गणिते सोडविणारी आज्ञावली मासिक वर्गणीवर मिळते व काही क्षणांत शंभराहून अधिक संघ मांडून देते. २०१५ च्या बेसबॉल मोसमाच्या पूर्वार्धाची पाहणी झाली, तेव्हा खेळणाऱ्यांच्या नफ्यापैकी ९१ टक्के नफा अवघ्या १.३ टक्के लोकांनी नेल्याचे दिसले.

चाकू आम्ही घडवला, वापरला दुसऱ्याने, असे आज्ञावलीकार म्हणेल. हा बचाव अगदीच पोकळ नाही. पैज स्वभावतः अन्यायाची नव्हे, असे आपला श्रद्धाग्रंथही सांगतो. मात्र निर्वाहाला लागणारा पैसा तिच्यात जाऊ लागला की ती त्याज्य ठरते. तेव्हा गणिताला दोष देण्यात अर्थ नाही. पण स्वयंपाकघराचा चाकू विकणारा गिऱ्हाइकाला शेजाऱ्यावर सरशीचे आश्वासन देत नाही. येथे तर विकली जाते ती सरशीच. साधन सर्वांनी घेतले तर कोणालाच वरचढपणा उरत नाही, वर्गणी तेवढी जाते. म्हणजे ते घेतले नाही असे कोणी तरी समोर बसलेले असणे, ही या धंद्याची गरजच आहे. कामावरून थकून आलेला तो गृहस्थ आपल्या क्रीडाज्ञानावर विसंबून पैसे लावतो. आपण माणसाशी खेळतो आहोत असे त्याला वाटत असते.

कौशल्याचा खेळ म्हणून न्यायालयांत या खेळाची बाजू मांडली गेली, आपल्या मुंबईतही. मग ते कौशल्य नेमके कोणाचे, खेळणाऱ्याचे की वर्गणीचे?

मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये नियम केले: मुरलेल्या खेळणाऱ्याच्या नावापुढे खूण हवी, नवख्यांसाठी वेगळे सामने हवेत. आम्हांला हे बंदीहून अधिक न्याय्य वाटते, कारण समोर कोण आहे हे त्यात निदान कळते. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. परदेशातील खेळणाऱ्यांसाठी अशी आज्ञावली मात्र वसईत बसूनही लिहिता येते, आणि आपल्या घरांतली मुले या विद्येत तरबेज आहेत. हिशेबनिसाचे काम आले तर त्यांनी ते खुशाल घ्यावे. सल्लागाराचे आले, तर हरणाऱ्याला या साधनाची खबर असणार आहे काय, एवढे आधी विचारून घ्यावे.